पायऱ्यांच्या पिवळ्या कडा

४ जून

शेंडे,

पत्र बघून दचकू नकोस, कुणी गेलेलं नाही. घरात फोन असताना ही बया कागद खरडत का बसली, असं म्हणशील. फोनवर बोलायला गेलं की हे बाजूलाच असतात. हल्ली मी जिथे असेन तिथून हाताच्या अंतरावर. मी ओट्याशी, तर हे दारात. मी मशीनवर, तर हे मागे स्टुलावर. जिना उतरायला लागले की मागून पावलं आलीच. आत्ता दूध आणायला गेलेत तेवढ्यात लिहितेय, म्हणून अक्षराला हसू नकोस.

सरळच सांगते. तुझे भावोजी डोक्याने बिघडलेत.

दाराजवळचं काळं पायपुसणं आठवतं ना? ते ह्यांनी एका सकाळी उचललं आणि कचऱ्यात नेऊन टाकलं. का, तर म्हणे नको. मला स्वतःला ते कधी आवडलं नाही, हल्ली मी त्याला वळसा घालूनच जायचे, पण म्हणून काय धडधाकट वस्तू फेकून द्यायची? मग चादरी. मी शिवलेल्या, बारीक फुलाफुलांच्या, सगळ्या बांधून माळ्यावर. पलंगावर आता एकरंगी निळी चादर, दवाखान्यात असते तशी. पांढऱ्या ताटल्या कुणाला तरी देऊन टाकल्या आणि गडद रंगाच्या आणल्या. चहाचा कप समोर ठेवताना आधी टेबलावर बोटाने टकटक करतात. दर वेळी. एकदा मी म्हटलं, दार वाजवताय का, या ना आत. तर हसलेसुद्धा नाहीत.

आणि जिना. अख्ख्या इमारतीचा जिना, शेंडे! दुकानांच्या पाट्या रंगवायचं काम सोडलं तरी रंगाचे डबे आहेतच घरात. एका दुपारी बसले आणि प्रत्येक पायरीची कड पिवळीधमक करून टाकली. खालचे वकील भांडायला आले. हे आपले ब्रश धुवत बसले. माझा चष्मा तर ह्यांनी तीनदा बदलून आणला. डोळ्यांचा डॉक्टर हात जोडून सांगतो की बाईंचे डोळे ठणठणीत आहेत. तरी हे पुन्हा नंबर काढायला घेऊन जातात.

हे सगळं मी पोटात घातलं असतं. पण परवा शाळेतल्या बाई शर्टाचं माप द्यायला आल्या. मी आत बसलेली, जिवंत, आणि हे दारात उभं राहून सांगतात, ती बहिणीकडे गेलीय, महिनाभर तरी काम घेणार नाही. इतकं सरळ तोंडाने! माझी मोठी कात्रीही सापडत नाही, तीही ह्यांनीच लपवली असणार. बाई गं, माझ्या हातचं काम काढून घेतलं तर माझ्यापाशी उरतं काय?

तू आता त्याच आजारांच्या कामाला लागलीयस. तेव्हा मला एकच सांग. मी हे घर सोडू का? तू म्हणशील तसं करीन. लहानपणी तू माझं ऐकायचीस, आता मी तुझं ऐकते.

ताई


११ जून

ताई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. अक्षर बघून तर चाटच पडले. ज्या बाईने मला रेघ सरळ मारायला शिकवलं तिची ओळीवर ओळ चढलीय, निम्मे शब्द कागदाच्या बाहेर जायच्या बेतात. किती घाबरली असशील गं तू.

माझं काम तुला नीट कधी सांगितलंच नाही. पीएचडी झाल्यावरची ही संशोधनाची जागा, दोन वर्षांची. स्मृतिभ्रंश म्हटलं की लोकांना वाटतं म्हातारपणी विसरायला होतं, तेच. पण काही विरळ प्रकार असतात, ते पन्नाशीतच गाठतात आणि त्यात आठवण चांगली शाबूत असते. एकात माणसाचा स्वभावच पालटतो, विचित्र सवयी लागतात, लाजलज्जा, माया आटते. एकात शब्द हरवतात. तिसरा आणखी विरळा, त्यात डोळे चांगले असून दिसलेल्याचा मेंदूला अर्थ लागत नाही. तसं माणूस मी अजून पाहिलेलंही नाही, पुस्तकातच वाचलंय. अशा माणसांना घरी सांभाळतात कसं, सांभाळणाऱ्याचं काय होतं, हे शोधायचं माझ्याकडे आहे. बारा घरं हवीत. चार महिन्यांत पाच मिळालीत, कारण लोक दार उघडत नाहीत. आणि इथे माझ्याच ताईच्या घरात हे चाललंय. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

ताई, तू लिहिलंस ते पहिल्या प्रकाराशी तंतोतंत जुळतं. वस्तू फेकणं, एकाच रंगाचा हट्ट, ती टकटक, तुझ्या पाठीपाठी फिरणं, बेधडक खोटं बोलणं, चष्म्याची तीच तीच वारी. वकील भांडत असताना ब्रश धुवत बसणं, हे तर आमच्या प्रश्नावलीतलंच वाटलं मला. भावोजी वाईट नाहीत. आजारी आहेत. हे मला लिहिताना रडू येतंय, कारण मला सायकल त्यांनी शिकवली, तू नव्हे.

मला आणखी कळव. ते आधीपेक्षा गोड जास्त खातात का? तुला लागलं, दुखलं तर त्यांना काही वाटतं का? हे सुरू कधी झालं?

आमच्या मोठ्या बाईंचा, म्हणजे ज्या डॉक्टरबाईंच्या हाताखाली मी आहे त्यांचा, एक नियम आहे. कुठल्याही घरी गेलं की दोघांशी बोलायचं, आजारी माणसाशी आणि सांभाळणाऱ्याशी, आणि वेगवेगळ्या खोलीत. एकत्र बसवलं की दोघंही एकमेकांना जपायला खोटं बोलतात, असं त्या म्हणतात. पण तुझं माझं तसं थोडंच आहे? तुझा शब्द मला पुरे.

जपून राहा. त्यांच्याशी वाद घालू नकोस.

शेंडी


२७ जून

शेंडे,

पत्र पोचलं. वाचलं. म्हणजे आजार आहे तर. मला बरं वाटावं की वाईट, तेच कळत नाही. इतके दिवस राग यायचा, आता रागावायचीही सोय राहिली नाही.

तू गोडाचं विचारलंस. खातात की, पहिल्यापासून खातात, साखरेच्या डब्याला मुंगी लागायच्या आधी हे लागतात. बाकीचं काय विचारलंस ते आत्ता लक्षात नाही.

एक मात्र झालंय ते तुला सांगायलाच हवं. आमच्या दारावरची पाटी आठवते? 'येथे कपडे शिवून मिळतील.' लग्नानंतर पहिल्या वर्षी ह्यांनीच रंगवलेली, लाल अक्षरं, खाली निळी सावली. लोक म्हणायचे, शिवणापेक्षा पाटीच भारी आहे. ती ह्यांनी काढून ठेवली. मी विचारलं, पाटी कुठे गेली, तर म्हणाले, रंग उडाला होता. रंग उडाला होता तर रंगवायची ना! तुमचा धंदाच तो! मी दोन दिवस बोलले नाही. ह्यांनीही बोलायचा प्रयत्न केला नाही, फक्त टकटक करून कप ठेवत राहिले.

कामाचं म्हणशील तर माझंही बिनसलंय, पण ह्यांच्यामुळेच. शाळेतल्या बाईंचा शर्ट मी गुपचूप घेतला होता. कॉलर उलटी बसली. मी, शेंडे. डोळे मिटून कॉलर लावणारी मी. दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघाल्या. मी खडूने मारलेल्या रेघा ह्यांनी पुसून दुसऱ्या मारल्या असणार, दुसरं कसं होईल? दिवाही इतका प्रखर लावलाय की कापड डोळ्यांसमोर पोहतं. डोळ्यांचं म्हणू नकोस. काल सुई पडली ती मला लांबून फरशीवर दिसली, आणि हे चष्मा लावून खाली चाचपडत बसले होते. तेव्हा मात्र हे माझ्याकडे असे बघत राहिले, असे, की मला भीती वाटली. खूप वेळ बघत राहिले.

कधीकधी वाटतं, मलाच वेड लागतंय. ओट्यावर कुकर असतो आणि नसतो. मी म्हणते, कुकर कुठे ठेवलात, आणि हे माझा हात धरून त्यावर नेऊन ठेवतात, म्हणजे तो तिथेच असतो. मग मगाशी कुठे होता? हे हलवतात आणि परत ठेवतात. कशासाठी कुणी असं करेल?

मला इथून ने गं.

ताई


३ जुलै

ताई,

आता मी आणखी काही विचारणार नाही. पुरे झालं.

वस्तू लपवायच्या आणि आणून ठेवायच्या, समोरच्याला वेड्यात काढायचं, तुझी पाटी काढायची, आणि तू दोन दिवस अबोला धरलास तरी काही न वाटणं. मी विचारलं होतं ना, दुसऱ्याच्या दुःखाचं काही वाटतं का, त्याचं उत्तर तू न सांगताच दिलंस. अशा घरात सांभाळणाऱ्याचं डोकं फिरायला वेळ लागत नाही. तुझी कॉलर उलटी बसली ती त्यामुळे. ओट्यावरचा कुकरही त्यामुळेच. मी पाच घरांत हेच पाहिलंय.

आमच्या दवाखान्याला जोडून एक निवासी केंद्र आहे. लहान आहे, माणसं चांगली आहेत, खिडकीतून झाडं दिसतात. तिथे जागा मिळायला वर्ष वर्ष थांबतात लोक. परवा एक खोली रिकामी झाली आणि मी भावोजींसाठी शब्द टाकलाय. मोठ्या बाईंना सगळं सांगितलं. महिनाअखेरपर्यंत घरच्यांचा होकार कळवायचा आहे, नाहीतर जागा पुढच्याला जाईल. तू हो म्हण.

आधी तू बाहेर पड. मग त्यांना आणायची व्यवस्था मी करते, दवाखान्यातून माणसं जातील. त्यांना आत्ता काही सांगू नकोस. बॅगेत चार कपडे टाक आणि १ ऑगस्टला सकाळच्या गाडीने नीघ. मी स्टेशनवर उभी असेन.

तुला वाटेल, बत्तीस वर्षांचा संसार असा कसा मोडायचा. ताई, मोडत नाहीयेस. कुणीतरी ठरवायला हवं आणि आपल्या घरात ह्या विषयातलं कळणारी मीच आहे.

शेंडी


१९ जुलै

शेंडे,

हो.

बॅग भरली. पलंगाखाली आहे. तारखेचं तेवढं पुन्हा बघून घेते.

काल ह्यांनी मला जिन्यात हात दिला, मी झिडकारला. मग खाली आल्यावर ह्यांनी आपल्याच हाताकडे बघितलं. मला कळत नाही माया आटलेली माणसं असं बघतात का. तू पुस्तकात बघून ठेव.

ताई


२७ जुलै

शेंडी,

मी तुझा भावोजी. मला पत्र लिहायची सवय नाही, बोर्डावर मावेल तेवढंच लिहीत आलो. चुकलं तर सांभाळून घे.

तुझं ३ तारखेचं पत्र मी वाचलं. चोरून नाही. तुझ्या ताईनेच वाचायला दिलं. ती पलंगावर बसून कागद एकदा इकडून, एकदा तिकडून धरत होती. मग म्हणाली, ह्यात शेवटी एक तारीख आहे, तेवढी बघा जरा, बाकीचं वाचू नका. शेजारच्या निवृत्त मास्तरीणबाई तुझी पत्रं वाचून दाखवायच्या, त्या मुलाकडे गेल्यात. मी नको म्हटलेलं वाचणारा नाही, पण केंद्र, खोली, माणसं येतील, हे वरच दिसलं. म्हटलं, मोठ्याने वाचू का? ती म्हणाली, वाचा. मग मी ते वरपासून खालपर्यंत वाचलं, आणि तिने काढून दिलेलं तुझं जूनमधलं पत्रही. ती खाली मान घालून ऐकत होती. मी वाचत असताना मध्येच म्हणाली, तुम्हाला त्रास होत असेल तर थांबा.

तुझ्यावर राग नाही. खरं सांगायचं तर तुझं वाचून मलाच शंका आली. त्यातलं निम्म्याहून जास्त मला लागू पडतं. पाटी मी काढली. खोटं मी बोललो. कात्री मी लपवली, ती माझ्या जुन्या ब्रशांच्या खोक्यात आहे. गोड खातो. तेव्हा मी आजारी असेन तर तसं सांग, मी येतो, माणसं पाठवू नकोस. पण त्याआधी माझी बाजू ऐक.

मागच्या वर्षी दिवाबत्तीच्या वेळी ती दारात उभी राहिली आणि घरात येईना. काय झालं विचारलं तर म्हणाली, खड्डा कुणी खणला? ते काळं पायपुसणं होतं. दुसऱ्या दिवशी तिलाच आठवलं आणि तीच हसली. मग मी लक्ष ठेवू लागलो. पांढऱ्या ताटलीत पांढरं काही वाढलं की ती ताटलीत हात फिरवत राहायची. फुलांच्या चादरीवर ठेवलेली वस्तू तिला सापडायची नाही. पायरी कुठे संपते ते कळायचं नाही, दोनदा पडता पडता वाचली. कप समोर ठेवला तर तिचा हात भलतीकडे जायचा, पण आवाज केला की बरोबर आवाजाकडे जायचा. मला आजारातलं काही कळत नाही. एवढंच माहीत आहे की पांढऱ्यावर पिवळं लिहिलं तर गिऱ्हाईकाला दिसत नाही, काळ्यावर लिहिलं तर रस्त्यापलीकडून दिसतं. तेवढ्यावर मी चाललो होतो.

मला वाटलं मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाला, नाही. मग वाटलं चष्मा. मग, तुला सांगायला लाज वाटते, मला वाटलं ती मुद्दाम करते. कारण ओट्यावरचा एवढा मोठा कुकर दिसत नाही आणि फरशीवरची सुई दिसते, असं कुठे असतं का? त्या सुईच्या दिवशी मी तिच्याकडे बघतच राहिलो. मनात आलं, ही माझ्यावर कसला सूड उगवतेय. रात्रभर डोळा लागला नाही.

पाटी का काढली ते सांगतो. चार गिऱ्हाइकांचं कापड तिने वाया घालवलं. मी त्यांच्या घरी जाऊन नवीन कापड घेऊन दिलं आणि तिला कळू देऊ नका म्हटलं. कात्रीने तिच्या बोटाचं टोक जाणार होतं. ती स्वतःला शिवणारी म्हणून ओळखते. तिला मी काय सांगू, की तुझं शिवण गेलं? ते सांगण्यापेक्षा मी वेडा ठरलो तर बरं, असं मला वाटलं. ते चूक की बरोबर, मला अजून कळत नाही. तिला एकटं वाटत होतं, हे मला तुझं पत्र वाचूनच कळलं.

आता बॅगेचं. पत्र वाचून झाल्यावर मी म्हटलं, तुला जायचं असेल तर मी सोडायला येतो, बघू बॅगेत सगळं घेतलंस का. त्यात तिचा एकही कपडा नव्हता. माझे शर्ट होते, उशीचे अभ्रे होते आणि पडद्याचं कापड. तिला न सांगता बॅगेत तिचे कपडे भरून ठेवले आहेत.

आता तू सांग, दोघांतला कोण येऊ?

तुझा भावोजी


३० जुलै

ताई, भावोजी,

भावोजी, हे पत्र तुम्ही ताईला मोठ्याने वाचून दाखवा. एकही ओळ गाळू नका, जिथे तुमचं कौतुक आहे तीही नाही.

काल तुमचं पत्र आलं. फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला आणि पुन्हा ठेवला. मग ताईची सगळी पत्रं टेबलावर एकाखाली एक लावली आणि पहिल्यांदा नीट बघितली. म्हणजे वाचली नाहीत, बघितली. पहिल्यात ओळी एकमेकींवर चढल्यात. दुसऱ्यात कागदाचा डावा अर्धा भाग कोराच राहिलाय. तिसऱ्यात नुसती ओळ उतरत उतरत कोपऱ्यात गेलीय. मी ह्याला भीती म्हटलं होतं.

पत्रं घेऊन मी मोठ्या बाईंकडे गेले. त्यांनी आधी विचारलं होतं की नवऱ्याशी बोललीस का, आणि मी सांगितलं होतं की ते बोलण्याच्या अवस्थेत नाहीत. हे मी माझ्या मनाने ठोकून दिलं होतं. परक्यांच्या पाच घरी मी तो दोन खोल्यांचा नियम पाळला आणि माझ्या एकुलत्या एका ताईच्या घरी मोडला. बाईंनी पत्रं एकेक करून उजेडात धरून बघितली. मग म्हणाल्या, 'तू आजाऱ्याला सांभाळणारी समजलीस आणि सांभाळणाऱ्याला आजारी. आमच्या कामात ह्याहून मोठी चूक नाही, आणि ह्याहून सोपीही नाही.'

ताई, तो तिसरा प्रकार, जो मी फक्त पुस्तकात पाहिला होता, तो तुझा असावा असं त्यांना वाटतं. तपासल्याशिवाय खात्री नाही. डोळे चांगले, सुई दिसते, कुकर दिसत नाही, हे त्यात असतंच, आणि म्हणून कुणाचा विश्वास बसत नाही, घरच्यांचाही नाही आणि त्या माणसाचा स्वतःचाही नाही. तू नाटक करत नव्हतीस. भावोजी कुकर हलवत नव्हते. आणि तू वेडी नाहीस, ताई, तुझं डोकं माझ्याहून चांगलं चालतंय.

हे बरं होईल असं मी लिहिणार नाही. तुला खोटं आवडत नाही.

तू १ तारखेला ज्या गाडीने निघणार होतीस तिच्याच परतीच्या गाडीने त्याच दिवशी मी येतेय, तेव्हा तू निघू नकोस; हे पत्र कुरियरने उद्याच पोचेल. आल्यावर मला वाटेल तेवढं बोल. पण आधी तुम्ही दोघं वेगवेगळ्या खोलीत बसणार आहात. ताई स्वयंपाकघरात, भावोजी बाहेर जिन्यात. तिथे रंगवलेल्या कडाही मला बघायच्या आहेत.

शेंडी


६ सप्टेंबर

शेंडे,

अक्षर बघून ओळखलंच असशील. मी सांगतेय आणि हे लिहितायत. मी म्हटलंय, मी बोलेन तेच लिहायचं, आपली अक्कल त्यात घालायची नाही. (मी कबूल केलं आहे. – पेंटर)

तुझ्या मोठ्या बाईंनी सगळं तपासून तेच सांगितलं. मेंदूचा मागचा भाग, जिथे दिसलेलं कळतं, तो झिजतोय. हळूहळू पुढे सरकेल. मग आठवणही जाईल. त्या सांगत होत्या तेव्हा मी त्यांच्या आवाजाकडे बघत होते, आणि मला वाटलं, चला, निदान कुणी तरी माझ्या बाजूने आहे. इतके दिवस माझं भांडण कुणाशी होतं तेच कळत नव्हतं.

पण खरं सांगू? अजूनही माझा गोंधळ उडतो. सकाळी उठते तेव्हा क्षणभर वाटतंच की ह्यांनीच काहीतरी हलवलंय. मग टकटक ऐकू येते आणि आठवतं. राग आधी येतो, आठवण मागून येते. ह्यांना मी परवासुद्धा बोलले. हे म्हणतात, बोल, सवय आहे. (असं मी म्हणालो नाही. मी म्हणालो, बोल. – पेंटर)

तुझ्यावर मी चिडले होते ते तू आलीस तेव्हा बोलून झालंय. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाली होतीस तू. पण दोरी तुझ्या हातात मीच दिली होती, तेव्हा तुझ्या एकटीच्या डोक्यावर खापर फोडण्यात अर्थ नाही. माझ्या डोळ्यांना जे दिसलं ते मी लिहिलं आणि माझ्या डोळ्यांवर तू विश्वास ठेवलास. दुसऱ्या कुणाच्या ठेवणार होतीस?

पाटी पुन्हा लागली. तीच नाही. आता तिच्यावर 'येथे बटणे लावून मिळतील' एवढंच आहे. काळ्यावर पिवळी अक्षरं, मला रस्त्यातून दिसतात. हे सकाळी सुया ओवून उशीला ओळीने टोचून ठेवतात आणि मी डोळे मिटून बटण लावते. डोळे मिटले की हात चुकत नाहीत. शाळेतल्या बाई आल्या होत्या, एकाच शर्टाची सगळी बटणं मुद्दाम तोडून आणली होती. ते कळत होतं मला. मी लावून दिली आणि घसघशीत पैसे घेतले.

जिना तसाच आहे. खालच्या वकिलांना ह्यांनी सगळं सांगितलं, तर ते म्हणाले, आमच्याही आईसाठी बरं झालं. आधी नाही सुचलं त्यांना! मी आता एकटी उतरते. हे मागे असतात, पण दोन पायऱ्या सोडून.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या त्या केंद्रातली खोली. तू म्हणालीस, अजून कुणी घेतलेली नाही आणि बाईंनी आमच्यासाठी थांबवून ठेवलीय. ती सोडून दे. दुसऱ्या कुणाला आज हवी असेल. मला आज नको.

पण शेंडे, खिडकीतून झाडं दिसतात म्हणाली होतीस ना, ते मी विसरलेले नाही. एक दिवस ती खोली मला लागेल. हे लिहिताना ह्यांचा हात थांबला, मी म्हटलं, लिहा. तेव्हा मला विचारता आलं तर मला विचार. मी सांगू शकले नाही तर ह्यांना विचार. पण माझ्यासमोर नको. जिन्यात बसव आणि विचार. माझ्यासमोर हे कधीच सांगणार नाहीत की मी थकलोय. त्या दिवशी बाहेर ह्यांनी तुला काय सांगितलं ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. तू आत आलीस तेव्हा तुझा आवाज बसला होता, तेवढ्यावरून कळलं.

तुझ्या बारा घरांत आमचं घर धरता येत नाही म्हणालीस, सख्ख्या बहिणीचं म्हणून. मग तेराव्या घराचं म्हणून तरी कुठेतरी लिहून ठेव. त्यात ह्यांचं आजारी म्हणून नाव लावू नकोस म्हणजे झालं.

सही मी स्वतः करणार आहे. ह्यांनी त्यासाठी काळ्या जाड रेघेची चौकट आखलीय.

ताई

(सही चौकटीच्या बाहेर गेली आहे. दुसरा कागद घेऊ का विचारलं. म्हणाली, राहू दे, तिला कळेल माझीच आहे म्हणून. – पेंटर)